घरच्या माणसांचे आभार मानावेत का?

ओसरी

गेल्या महिन्यात माझ्या वडिलांच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली आणि नऊ दिवस मी त्यांच्याजवळ रुग्णालयात होते. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मऊ भात आणि मुगाचे वरण द्यायला परवानगी दिली, आणि त्या दिवसापासून माझी थोरली जाऊ रोज सकाळी साडेअकराच्या सुमारास डबा घेऊन येऊ लागली. आम्ही दोघी अकरा वर्षांपासून वेगवेगळ्या घरांत राहतो. आमचे भांडण नाही, पण येणे-जाणे सणावारापुरतेच आहे आणि मने फारशी मोकळी नाहीत. माझ्या माहेरच्या माणसासाठी तिने दोन बस बदलून यावे, अशी अपेक्षा कोणीच केली नव्हती.

त्या डब्यासोबत कुंकवाच्या करंड्याएवढी एक स्टीलची डबी असे आणि तिच्यात लिंबाची एक फोड. वरणावर लिंबू आधीच पिळले तर जेवायच्या वेळेपर्यंत त्याची चव उतरते, म्हणून ती फोड वेगळी आणत असावी, एवढेच मी धरून चालले होते. तिसऱ्या डब्याच्या वेळी फोड पिळताना माझ्या लक्षात आले, की तिच्यात एकही बी नाही. मग आधीचे दोन दिवस आठवले. तेव्हाही नव्हती. बाबांचे हात थरथरत होते आणि भातात पडलेली बी वेचून काढण्याचे त्राण त्यांच्यात नव्हते.

घरी निघण्याच्या दिवशी मी वॉर्डातल्या मावशींचे, दारावरच्या रखवालदाराचे, बाबांना जपून घरी आणणाऱ्या रिक्षावाल्याचेसुद्धा आभार मानले. जावेला मात्र काय बोलावे ते सुचेना. संध्याकाळी फोन करून म्हटले, "वहिनी, तुमचे फार उपकार झाले." त्यावर ती म्हणाली, "परक्यासारखं काय बोलतेस?" आणि तिने लगेच औषधांचा विषय काढला.

तेव्हापासून मनात हा प्रश्न घोळतो आहे. घरच्या माणसांचे आभार शब्दांत मानावेत, की ते मनातच ठेवावेत? त्या बिया नसलेल्या फोडीने मला त्या दिवसांत खरोखर बळ दिले, ते तिच्यापर्यंत पोहोचवायचे कसे? आपल्या घरांत हे कसे चालते, ते वाचायला आवडेल.

वऱ्हाडी_मन

ओसरीताई, आमच्याकडे माणसांचे आभार कोणी मानलेले मला आठवत नाही, पण बैलांचे मानलेले नक्की आठवतात. माझे आजोबा यवतमाळ जिल्ह्यातले कोरडवाहू शेतकरी होते. श्रावणातल्या अमावास्येला पोळा असतो, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकण्याची रीत आहे. वर्षभर जिथे जू बसते, त्या खांद्याची कातडी जाड आणि काळी पडलेली असते. आजोबा त्या नेमक्या जागी हळद आणि तूप लावून गरम पाण्याने हळूहळू शेक देत आणि मग बैलाच्या कानाशी वाकून म्हणत, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा पहिला घास बैलांचा असे आणि त्यांच्या खांद्यावर जू ठेवायचे नाही, हा नियम कितीही काम अडले तरी मोडत नसे.

म्हणजे आभार बोलून दाखवणे आपल्या परंपरेत नाही, असे म्हणता येणार नाही. ते बोलले जातात, आणि ज्या खांद्याने ओझे वाहिले त्याच खांद्याला हात लावून बोलले जातात. मला सलते ते वेगळेच आहे. ज्या बाईने ते पुरण वाटले, त्या माझ्या आजीला आजोबांनी असे काही म्हटल्याचे मी कधी ऐकले नाही. तिच्याही तळहातांना पाट्या-वरवंट्याने घट्टे पडले होते.

केतकी_वन

शेवटच्या दोन वाक्यांपाशी थांबले. माझ्या आजीचे हात आठवले.

शब्दवेल्हाळ

चर्चा सुरू झालीच आहे, तर शब्दाकडेही पाहू. 'कृतज्ञ' म्हणजे 'कृत' जाणणारा, आपल्यासाठी काय केले गेले ते ज्याला ठाऊक आहे तो. त्याच्या उलट 'कृतघ्न', म्हणजे केलेल्याचा घात करणारा. मूळ शब्दात आभार मानण्याचा उल्लेखच नाही, आहे ते जाणणे. मराठीने हाच अर्थ 'जाण ठेवणे' या वाक्प्रचारात जपला आहे. ओसरीताईंनी फोडीत बी नाही हे ओळखले, तेव्हाच त्या शब्दाच्या मूळ अर्थाने कृतज्ञ झाल्या होत्या.

याउलट 'उपकार' हा शब्द आपल्या बोलण्यात जड झालेला आहे. उपकारांचे ओझे होते, ते फेडावे लागतात, माणूस त्यांच्याखाली दबतो. 'ऋण', 'उतराई होणे', 'पांग फेडणे' ही सगळी देण्याघेण्याच्या हिशेबातली भाषा आहे. "तुमचे फार उपकार झाले" हे ऐकून वहिनींना परकेपणा जाणवला असेल, तर मला त्यात नवल वाटत नाही. त्यांना हिशेब ऐकू आला असावा.

वऱ्हाडी_मन, आपल्या आजींविषयी एक भर घालतो. घरातल्या पुरुषांनी त्यांच्यासाठी शब्द वापरले नसतील, पण बायकांनी स्वतःचे शब्द जात्यावर बसून उभे केले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या. पहाटे दळता दळता देव, आई-वडील, भाऊ, शेजारीण, ज्यांचे ज्यांचे काही आपल्याकडे आले त्यांची नावे घ्यायची, हा ओव्यांचा जुना परिपाठ आहे.

माशेलची_पायवाट

आमच्या गोव्यात कोंकणीत आभार मानताना "देव बरें करूं" म्हणतात. शब्दवेल्हाळ म्हणतात तो हिशेब या शब्दांत राहतच नाही. मी तुझे काही फेडू शकत नाही, पण देवाने तुझे बरे करावे, एवढेच मागणे त्यात असते. माझी आजी सकाळी सायकलचा भोंगा वाजवीत येणाऱ्या पोदेराकडून पाव घेताना हे रोज म्हणत असे. पैसे देऊन घेतलेल्या पावासाठी देवाला कशाला मध्ये आणायचे, असे मी लहानपणी विचारले होते. तेव्हा तिने सांगितलेले अजून लक्षात आहे: "तू निजलेली असतेस तेव्हा तो भट्टीपुढे उभा असतो."

मनोगामी

मी मानसशास्त्र शिकवतो. या विषयावरचे तीन अभ्यास इथे उपयोगी पडतील असे वाटते.

2003 साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाने दर आठवड्याला कृतज्ञता वाटलेल्या जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहायच्या होत्या, दुसऱ्याने त्रासाच्या, आणि तिसऱ्याने केवळ घडलेल्या. काही आठवड्यांनी पहिल्या गटातले विद्यार्थी आयुष्याविषयी अधिक समाधानी आणि येत्या आठवड्याविषयी अधिक आशावादी आढळले. रोज रात्री कृतज्ञतेच्या नोंदी लिहिण्याची जी चाल आज सगळीकडे दिसते, तिच्यामागे बऱ्याच अंशी हा प्रयोग आहे. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या पुढच्या कामात मात्र आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही, असेही दिसले. नेम पाळण्यासाठीच लिहिलेली ओळ मनाला भिडत नसावी, असे मला वाटते.

दुसरा अभ्यास 2018 सालचा आहे. आठ भाषांतले घरगुती आणि ओळखीच्या माणसांतले संभाषण ध्वनिचित्रमुद्रित करून संशोधकांनी पाहिले, की एखाद्याने काही मागितले आणि समोरच्याने ते केले, तर मागणारा आभार मानतो का. सरासरीने वीस प्रसंगांत एखाद्याच वेळी आभाराचा शब्द निघाला. इंग्रजी आणि इटालियन बोलणाऱ्यांत तो अधिक आढळला, आणि एक्वाडोरमधल्या चापाला भाषेच्या नोंदींत एकदाही आढळला नाही. तेव्हा "परक्यासारखं काय बोलतेस?" हा आपलाच काही वेगळा संकोच आहे, असे समजण्याचे कारण नाही. जवळच्या माणसांनी एकमेकांसाठी करणे जगभर गृहीत धरले जाते.

तिसरा अभ्यास थेट ओसरीताईंच्या प्रश्नाला भिडतो. त्याच वर्षी अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी काही लोकांना आयुष्यातल्या एखाद्या माणसाला कृतज्ञतेचे पत्र लिहायला लावले. हे पत्र वाचून समोरच्याला अवघडल्यासारखे होईल, असे लिहिणाऱ्यांना वाटत होते. प्रत्यक्षात पत्र मिळालेल्यांना तेवढे अवघडलेपण वाटले नाही, आणि आनंद व आश्चर्य मात्र लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त झाले. माझे मत विचाराल तर बोलावे, आणि बोलताना मोघम शब्द टाळून नेमके काय पाहिले ते सांगावे. वहिनींना उपकारांविषयी सांगू नका, त्या बियांविषयी सांगा.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे आणि या धाग्यातल्या गोड सुराशी मी पूर्ण सहमत नाही, हे आधीच सांगते.

22 मार्च 2020 रोजी संध्याकाळी पाच वाजता देशभर आमच्यासाठी टाळ्या आणि थाळ्या वाजल्या. मी तेव्हा कामावर होते आणि खिडकीतून तो आवाज ऐकताना माझे डोळे भरून आले होते, हे मी नाकारत नाही. मात्र त्याच आठवड्यात मी राहत होते त्या इमारतीतल्या लोकांनी मला लिफ्ट वापरू नका असे सांगितले. बारा तास उभी राहून आलेली मी चार मजले चढून जात असे. कृतज्ञतेचा गजर करणारी आणि लिफ्ट नाकारणारी माणसे तीच होती.

घरातही हेच चालते. बाईला 'अन्नपूर्णा' म्हटले, की तिच्या हाताखाली दुसरे दोन हात देण्याची गरज कोणाला वाटत नाही. घरकामाला येणाऱ्या बाईने दिवाळीच्या साडीबद्दल कृतज्ञ असावे अशी अपेक्षा असते, पण तिच्या आठवड्याच्या सुट्टीचा विषय निघत नाही. आभारामागून कृती आली नाही, तर ते केवळ ऐकणाऱ्याला गप्प बसवतात. वऱ्हाडी_मन यांच्या आजोबांनी बैलाला एक पूर्ण दिवस सुट्टी दिली होती, हे मला त्यांच्या शब्दांइतकेच महत्त्वाचे वाटते.

एक अनुभव मात्र सांगितला पाहिजे, कारण तो सांगितला नाही तर मीच कृतघ्न ठरेन. एक निवृत्त शिक्षक आमच्या वॉर्डात सतरा दिवस होते. रात्री त्यांना झोप लागत नसे. बरे होऊन गेल्यावर पंधरा दिवसांनी त्यांनी एक उंच लाकडी स्टूल पाठवले. आम्ही रात्रपाळीत नोंदवही उभ्यानेच लिहितो, हे त्यांनी पलंगावर पडल्या पडल्या पाहिले होते. स्टुलासोबत ना चिठ्ठी होती ना हार. आज पाच वर्षांनंतरही ते वापरात आहे, आणि त्यावर बसताना दर वेळी पाठीला कळते की कोणीतरी आपल्याकडे पाहिले होते.

मनोगामी

रात्रपाळी, आपले म्हणणे मला मान्य आहे. एमन्स-मॅकलॉ यांच्या प्रयोगात फक्त स्वतःला काय वाटले ते मोजले गेले, समोरच्याच्या पदरात काय पडले हा प्रश्न त्यात नव्हताच. ही उणीव मी माझ्या प्रतिसादात सांगायला हवी होती.

मांजरा_काठ

रात्रपाळीताईंचा प्रतिसाद वाचून आमची वेळअमावास्या आठवली. लातूर, धाराशिव आणि आसपासच्या भागात मार्गशीर्ष अमावास्येला अख्खे गाव रानात जाते. ज्वारी कमरेच्या वर आलेली असते, हरभरा घाट्यांवर असतो. कडब्याच्या पेंढ्यांची कोपी करून तिच्यात पूजा मांडतात आणि काळ्या आईला नैवेद्य दाखवतात. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, पालेभाज्या आणि बेसन घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली गार आंबील यांचा तो नैवेद्य असतो. रस्त्याने जाणारा कोणीही असो, ओळखीचा असो वा अनोळखी, त्याला हाक मारून जेवायला बसवतात. त्या दिवशी ज्याची शेती नाही तोही उपाशी राहत नाही.

आता खरी गोष्ट. माझ्या लहानपणी आमच्या सालगड्याचे कुटुंब आमच्या जेवणानंतर वेगळ्या पंगतीला बसे. ज्यांच्या हातांनी रान पिकले ती माणसे शेवटी जेवत होती, आणि आम्ही जमिनीला हात जोडत होतो. हे माझ्या आईला खटकले. एका वर्षी काही न बोलता तिने सगळ्यांच्या पत्रावळी एकाच ओळीत मांडल्या आणि पहिली वाढ सालगड्याच्या आईच्या पानात केली. घरात त्यावरून आठवडाभर धुसफूस चालली, पण पुढच्या वर्षापासून पंगत एकच झाली. आज मी पुण्यात नोकरी करतो आणि वर्षातली एक रजा या दिवसासाठी राखून ठेवतो. रानातली ती एक दुपार मला पुढे कित्येक महिने पुरते.

थेम्सकाठ

आमच्या लंडनच्या घरी माझी आई पहिल्यांदा आली, तेव्हा माझा सहा वर्षांचा मुलगा ताटात पोळी पडली, की दर वेळी "थँक यू, आजी" म्हणत असे. दोन दिवसांनी आई मला म्हणाली, "हा माझ्याशी पाहुण्यासारखा का वागतो?" मी त्याला समजावणार होतो. त्याआधी तिनेच त्याला विचारले, की तू असे का म्हणतोस. त्याने सांगितले, "तू अजून जेवली नाहीस म्हणून." त्यानंतर प्रत्येक 'थँक यू'वर ती "सुखी राहा" म्हणू लागली.

आपण जेवून उठताना "अन्नदाता सुखी भव" म्हणतोच. ते स्वयंपाकघराकडे तोंड करून, तिथल्या माणसाला ऐकू जाईल असे म्हणावे, एवढा बदल मी माझ्यापुरता केला आहे.

केतकी_वन

ओसरीताई, एक साधा प्रश्न. जावेचा डबा तुम्ही परत दिलात का? आमच्याकडे शेजाऱ्याचा डबासुद्धा रिकामा परत करत नाहीत. काही नसेल तर चिमूटभर साखर घालतात, पण भांडे रिकामे जाऊ देत नाहीत.

मुक्कामी_गाडी

मी एस.टी.त एकतीस वर्षे चालक होतो आणि आता निवृत्त आहे. 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर अशी एस.टी.ची पहिली गाडी धावली. लहानपणापासून ही माहिती ऐकत आलो आणि पुढे तीच खाकी वर्दी अंगावर आली, याचा मला आजही अभिमान आहे. खंडेनवमीला आम्ही गाडी धुऊन तिला झेंडूचा हार घालत असू. ज्या यंत्राच्या भरवशावर पन्नास माणसांचा जीव घाटातून नेतो, त्याला वर्षातून एकदा हात जोडणे मला कधी अंधश्रद्धा वाटली नाही.

इथे सांगायचे आहे ते मुक्कामाच्या गाडीविषयी. रात्री शेवटच्या गावात पोहोचायचे, तिथेच झोपायचे आणि पहाटे साडेपाचला तीच गाडी परत काढायची, असे ते काम असते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या अशा एका गावात मी दोन हिवाळे मुक्काम केला. पहाटे उठलो, की गाडीच्या पायरीवर कडकडीत पाण्याने भरलेली तपेली ठेवलेली असे, वर झाकण आणि झाकणावर दगड. आम्ही तोंड धुवायचो आणि तपेली तिथेच ठेवून निघायचो. ठेवणारे माणूस कधी दिसले नाही. अंधार असे, थंडी असे, आणि वेळ गाठायची असे.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी माझ्या वाहकाने चौकशी केली, तेव्हा ते पाणी एक म्हातारी ठेवते असे कळले. मी तिच्या ओट्यावर जाऊन नमस्कार केला आणि "आजी, तुमच्यामुळं आमची सकाळ सुखाची झाली," असे म्हणालो. ती म्हणाली, "माझा नातू तुमच्या गाडीनं कॉलेजला जातो. तुम्ही दोन वर्सांत एकदाबी गाडी चुकवली नाही." मी तर केवळ माझी नोकरी करत होतो. वेळेवर गाडी काढणे ही कोणाच्या लक्षात राहणारी गोष्ट आहे, असे तोवर मला वाटलेही नव्हते. त्यानंतरच्या चौदा वर्षांत अंगात कणकण असली, झोप अपुरी झाली, तरी पहाटेची गाडी काढताना त्या ओट्याची आठवण येई आणि हात आपोआप किल्लीकडे जाई.

ओसरीताई, तुम्ही विचारले आहे म्हणून सांगतो. मी त्या ओट्यावर गेलो नसतो, तर मला हे कधीच कळले नसते. जाऊन या.

शब्दवेल्हाळ

काका, दगड ठेवलेले ते झाकण आता माझ्याही डोळ्यांपुढून हलणार नाही.

ओसरी

सर्वांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले. मधले आठ दिवस इथे फिरकले नाही, कारण सांगण्यासारखे काही घडल्यावरच लिहायचे ठरवले होते.

केतकी, तुमच्या प्रश्नाने मी ओशाळले. मोठा डबा शेवटच्या दिवशी जाऊच घेऊन गेली होती, पण ती लहान डबी माझ्या पिशवीत तशीच राहिली होती. रविवारी ती घासून, पुसून, तिच्यात साखर भरून मी तिच्या घरी गेले. ती स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मीही खाली बसून निवडू लागले. रात्रपाळीताईंचे शब्द मनात असल्यामुळे नुसते बोलायचे नाही, एवढे ठरवून गेले होते.

थोड्या वेळाने म्हटले, "वहिनी, त्या लिंबाच्या फोडीत एकही बी नसायची." तिचे हात थांबले. "तुझ्या लक्षात आलं होतं?" असे विचारून ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने तिच्या आईच्या शेवटच्या आजारपणाविषयी सांगितले. मी तेव्हा या घरात आलेही नव्हते. एकदा तिने आईला वरणभात भरवताना लिंबाची बी घशात गेली आणि आई ठसका लागून घाबरीघुबरी झाली. त्यानंतर आई लिंबू नकोच म्हणू लागली. "तिला लिंबाशिवाय वरण जात नसे, आणि शेवटचा महिना तिनं तसंच खाल्लं. बिया काढाव्यात, हे मला तेव्हा सुचलं नाही गं."

अकरा वर्षांत आम्ही दोघी एवढा वेळ एकत्र बसलो नव्हतो. मेथीच्या दोन जुड्या निवडून झाल्या, भाजी झाली, मी तिथेच जेवले. पुढच्या महिन्यात तिच्या गुडघ्यांची तपासणी आहे आणि तिच्यासोबत मी जाणार आहे, हेही त्या दुपारी ठरले.

निघताना तिने साखर आपल्या डब्यात ओतून घेतली, डबी धुतली आणि पुन्हा भरून माझ्या हातात दिली. घरी येऊन उघडली, तर आत लिंबाचे गोड लोणचे होते. बाबांना रात्री वरणभातासोबत वाढले. फोडी बारीक चिरलेल्या होत्या, आणि मी चमच्याने चाळवून पाहिले, त्यांतही बी नव्हती.